लिंबाच्या चवीआडचे कॅफिन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाढदिवसाच्या पार्टीत कोलाची बाटली मुलांपासून दूर ठेवणारे पालक पिवळ्या-हिरव्या लिंबू पेयाचा ग्लास मात्र निर्धास्तपणे त्यांच्या हातात देतात. रंग आणि जाहिरात पाहून ठेवलेला हा विश्वास कितपत खरा आहे, ते माउंटन ड्यूच्या उदाहरणावरून तपासून पाहू.

गैरसमज : कॅफिन फक्त कोलात असते.
वस्तुस्थिती : अमेरिकेत ३५५ मिलीच्या कॅनमध्ये कोका-कोलात सुमारे ३४ मिलिग्रॅम कॅफिन असते, तर माउंटन ड्यूमध्ये ५४. लिंबाच्याच चवीच्या स्प्राइट आणि सेव्हन-अपमध्ये मात्र ते अजिबात नसते. कॅफिन चवीला कडवट असते. आंबटपणा आणि साखर तो कडवटपणा झाकून टाकतात. त्यामुळे जिभेला पत्ता लागत नाही. माउंटन ड्यूच्या त्याच कॅनमध्ये ४६ ग्रॅम, म्हणजे अकरा चमच्यांहून अधिक साखर असते, हेही विसरू नये.

गैरसमज : रंग भडक, नाव जहाल, म्हणजे कॅफिन जास्त.
वस्तुस्थिती : २००१ मध्ये आलेल्या लालभडक ‘कोड रेड’ला चेरीची चव आहे, २००३ च्या नारिंगी ‘लाइव्हवायर’ला संत्र्याची. दोन्हींत कॅफिन मूळ पेयाइतकेच. नाव ऐकून वाटते तसा जादा जोर त्यांत काहीच नाही. बदलतात ते स्वाद आणि रंग.

गैरसमज : नवा स्वाद लोकांना आवडला की तो दुकानात येतोच.
वस्तुस्थिती : स्वाद कुठे आणि कधी विकायचा, हा व्यापारी निर्णय असतो. ‘बाहा ब्लास्ट’ हा निळसर-हिरवा स्वाद २००४ मध्ये खास टाको बेल या उपाहारगृहांच्या साखळीसाठी काढला गेला. दुकानांत तो बाटली-कॅनमधून आला २०१४ मध्ये, तोही मर्यादित काळापुरता. दुकानात मिळत नसे म्हणून मागणी वाढे आणि ग्राहक त्यासाठी त्या उपाहारगृहात जाई. ‘ड्यूमॉक्रसी’ मोहिमेत तर कंपनीने ग्राहकांनाच मत द्यायला लावले. २००८ मध्ये ‘व्होल्टेज’ हा स्वाद जिंकला. स्वाद निवडता निवडता ग्राहकच प्रचारक झाले.

गैरसमज : हे पहिल्यापासून साहसी तरुणांचे पेय आहे.
वस्तुस्थिती : १९४० च्या दशकात टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे बार्नी आणि अ‍ॅली हार्टमन या भावांनी ते व्हिस्कीत मिसळण्यासाठी तयार केले. ‘माउंटन ड्यू’ हे तिकडे चोरून गाळलेल्या दारूचे बोलीतले नाव. १९६४ मध्ये पेप्सीने हा ब्रँड घेतला, तेव्हाही जाहिरातीत डोंगराळ भागातला अनवाणी गावकरी होता. उंच कड्यांवरून उड्या मारणारे तरुण पुढे आले ते १९९० च्या दशकात. भारतात पेय आले २००३ मध्ये, आणि ‘डर के आगे जीत है’ या घोषवाक्याने तीच साहसी प्रतिमा घराघरांत पोचवली.

गैरसमज : नाव एक, म्हणजे जगभर पेयही एकच.
वस्तुस्थिती : घटक त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे बदलतात. कॅनडात २०१० पर्यंत कोलाखेरीज इतर शीतपेयांत कॅफिन घालायला परवानगी नव्हती, त्यामुळे तिथले माउंटन ड्यू कॅफिनविना विकले जाई. लिंबूवर्गीय स्वादाचे तेल पाण्यात तरंगू नये म्हणून वापरले जाणारे ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल भारताने १९९० मध्येच बंद केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची परवानगी रद्द केली ती २०२४ मध्ये. म्हणून परदेशातले आकडे आपल्या बाटलीला जसेच्या तसे लावू नयेत.

भारतात शीतपेयात कॅफिन घातले असेल, तर तसे लेबलवर छापणे बंधनकारक आहे. ती ओळ बारीक अक्षरांत असते, पण असते. मुलांच्या हाती बाटली देण्यापूर्वी ती फिरवून ‘कॅफिन’ आणि ‘साखर’ हे दोन शब्द शोधा, आणि मुलांनाही ते शोधायला शिकवा.