तिसरी स्लिप

सकाळी ७:१५
मूलच्या पंपावर शंभराचं पेट्रोल. ती कौशल्य केंद्रातली मोबिलायझर. गावोगावची पोरं जमवायची, शिकायला बसवायची, नोकरीला लागली की टिकवायची. आज टिकवायचा दिवस. डिकीत फाईल, चार्जर, डबा, रेनकोट.

८:००
राजोली. बांध्यांत चिखलणी चाललेली. पोरगी चाकणला नोकरीला, अडीच महिने झाले. बाप ओसरीवर.
"रोवना हाय, मॅडम. बाया भेटत नाही. पंधरा दिवस तरी तिले येऊ द्या ना जी."
"काकाजी, पंधराच दिवस कळ काढा. मग खुशाल न्या."
"अन् ते महिन्याचे हजार?"
नोकरी जिल्ह्याबाहेर पण राज्यातच असेल तर तीन महिने हजार रुपये मिळतात. ती पासबुक बघते, फोटो काढते.

११:३०
केंद्र. शिलाईची बॅच. नव्या मुली सुईत दोरा न घालता रेघांच्या कागदावर मशीन चालवतात. भोकं रेघेवर पडली तरच कापड हातात. एकीची रेघ वळणावर सुटते. कागद फिरवून ती पुन्हा पायडल दाबते.

आतल्या खोलीत तक्ता. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, २०१४ची. पैसे हप्त्यांनी येतात, शेवटचे नोकऱ्या दाखवल्यावर. शंभरातले ७० नोकरीला लागले पाहिजेत. लागले म्हणजे सलग तीन महिने, पगाराच्या स्लिपसकट. २०२१ साली राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळानं स्किल इम्पॅक्ट बॉण्ड आणला, ५०,००० तरुणांसाठी. त्यातही तीन महिने टिकणं मोजायचं. तिथे आगाऊ पैसे घालणारे वेगळे, निकाल बघून फेडणारे वेगळे. सकाळच्या शंभराला आगाऊ घालणारं कोणी नाही. बिल महिनाअखेर.

दुपारी ३:३०
चाकणची पहिली पाळी सुटली. फोन लागतो.
"बाबाले दोन हजार टाकले, मॅडम. मजूर लावा म्हटलं."
"मग स्लिप होईपर्यंत राहतेस ना?"
"राहतो. पुढचं मंग सांगतो."
तक्त्यात नावापुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण. शाई स्लिप आल्यावर.

५:३०
बेंबाळहून परत. वाघामुळे अंधाराच्या आत गाव गाठायचं. शिवाय पाऊस.

रात्री ८:४०
दुसऱ्या एका पोराची तिसरी स्लिप व्हॉट्सॲपवर. वरचा महिना कापला गेलेला.
"पूर्ण काढून पाठव रे. महिना अन् पीएफ, दोन्ही दिसू दे."
"उद्या पाठवतो मॅडम, नेट संपला."
ती त्याला एकोणीसचा रिचार्ज मारते.