गिटार का शिकायची? आधी हे ठरवा 🎸

"गिटार शिकायचीय, सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, "का शिकायचीय?" पहिल्या महिन्यात बोटांची टोकं हुळहुळतात, एफ कॉर्ड धरली की तारा नुसत्या ठकठक वाजतात. तेव्हा हे 'का'च आपल्याला टिकवून ठेवतं.

माझं कारण होतं आई. ती काळी चार या पट्टीत गाते आणि घरात पेटी कुणालाच येत नव्हती. गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी कॉर्डचा आकार धरला, की थेट काळी चार! जी, सी आणि डी या तीन आकारांवर तिची कितीतरी गाणी बसली. ज्या संध्याकाळी तिने माझ्या साथीवर अख्खा अभंग न थांबता म्हटला, त्या दिवशी सगळे कष्ट वसूल झाले.

कुणाला 'चुरा लिया है तुमने'ची (१९७३) सुरुवात वाजवायची असते. कुणाला स्वतःच्या कवितेला चाल लावायची असते. कारण छोटं असलं तरी चालतं, फक्त ते आपलं हवं.

आणि "माझी बोटं आखूड आहेत" म्हणणाऱ्यांसाठी: १९२८ च्या आगीत जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली. पुढे उरलेल्या दोन बोटांवर सोलो वाजवत तो जॅझमधला थोर गिटारवादक ठरला.

आज एक गाणं ठरवा, रोज पंधरा मिनिटं द्या. तुमचं 'का' काय आहे? नक्की सांगा!