अपराजित राजाचा ताम्रपट

टेमघरच्या मुलांनो, भादाणे हे गाव आपल्याच भिवंडी तालुक्यात आहे. एक हजार वर्षांपूर्वी एका राजाने हे गाव दान दिले आणि ते दान तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ठेवले. अशा लेखाला ताम्रपट म्हणतात. कागद भिजतो, त्याला वाळवी लागते. तांबे मात्र टिकते. म्हणूनच हा लेख आजही वाचता येतो.

त्या राजाचे नाव अपराजित. तो शिलाहार घराण्यातला होता. उत्तर कोकणावर या घराण्याचे राज्य होते. ठाण्याला तेव्हा स्थानक म्हणत. अपराजित स्वतःला ‘पश्चिम समुद्राचा अधिपती’ म्हणवून घेई. कोकणच्या बंदरांत अरब व्यापारी येत असत. इ. स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला होता. त्या वेळी अपराजिताच्या आजोबांचा भाऊ झंझ हा राजा होता. चौलच्या भागात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे मसूदीने लिहून ठेवले आहे.

भादाण्याच्या ताम्रपटावर शक ९१९ हे वर्ष आहे. शकाच्या आकड्यात ७८ मिळवा, म्हणजे इ. स. ९९७ येईल. लोनाडच्या सूर्यमंदिरातील पूजेसाठी राजाने हे गाव दिले.

पण या लेखात आणखी एक गोष्ट आहे. शिलाहार हे पूर्वी राष्ट्रकूट सम्राटांचे मांडलिक होते. इ. स. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचा पराभव केला. त्यांचे राज्य संपले. त्यानंतर चोवीस वर्षांनीही अपराजिताने आपल्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजांची सारी वंशावळ कोरून घेतली. आता त्यांच्या राज्याची फक्त आठवण उरली, असेही लिहविले. जे धनी आता काहीच देऊ शकत नव्हते, त्यांची नावे त्याने आदराने घेतली! नव्या सम्राटाला मात्र त्याने आपला धनी म्हटले नाही.

चालुक्यांशी त्याचे पटले नाही. तैलपाचा मुलगा सत्याश्रय कोकणावर चालून आला. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला शत्रूची फौज, अशा कोंडीत अपराजित सापडला. रन्न नावाच्या कन्नड कवीने त्याच्या या फजितीचे वर्णन केले आहे. रन्न हा चालुक्यांचा कवी होता, हे विसरू नका. ताम्रपटातली स्तुतीही राजाच्याच माणसांनी लिहिलेली असते. ‘अपराजित’ म्हणजे कधीही न हरलेला. नाव तसे होते खरे!

तरीही शिलाहारांचे राज्य बुडाले नाही. अपराजिताचा नातू मुम्मुणी याच्या काळात, इ. स. १०६० मध्ये, अंबरनाथचे शिवमंदिर पुरे झाले. ते आजही उभे आहे.