एक खोली, दोन छंद
टू बीएचकेतली छोटी बेडरूम. तिला शिवणाचं वेड, त्याला ऑइल पेंटिंगचं. नव्याकोऱ्या सिल्कवर निळा डाग पडला, की रविवार गेलाच म्हणून समजा! त्यापेक्षा आधीच वाटणी करा. खिडकीशी इझल, म्हणजे टर्पेंटाइनचा वास बाहेर जाईल. समोरच्या भिंतीला मशीन, वर दिवा. कापडं झाकणाच्या डब्यात. कापडाच्या कात्रीला लाल रिबन बांधा. तिनं कागद कापायचा नाही, धार जाते. लेस-बटणं तुळशीबागेतून आणा, बरण्यांत भरा.

आणि एक सक्त नियम. जवसाच्या तेलाची चिंधी चोळामोळा करून कतरणांत टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, ढीग आपोआप पेटू शकतो. चिंधी पाण्यात बुडवून पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा.

मग करा खुशाल पसारा... आपापल्या बाजूला!