लेख, भुक्ति आणि साक्षी: झिंबाब्वेच्या जमिनीची कथा

जमीन कोणाची, असा वाद उत्पन्न झाला असतां त्याचा निर्णय कशावरून करावा, याविषयीं आमच्या धर्मशास्त्रकारांनीं तीन प्रमाणें मानिलीं आहेत. लेख म्हणजे दस्तऐवज, भुक्ति म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट, आणि साक्षी म्हणजे पाहणारीं व ऐकणारीं माणसें. याज्ञवल्क्यस्मृतींत हा विचार आहे व मिताक्षरेंत त्याचें विवरण आहे. ज्या घरांत एकदां तरी वाटणीचा प्रसंग येऊन गेला आहे, तेथील वडील माणसांस या तिहींचें महत्त्व निराळें सांगावयास नको. परंतु बाकीचीं दोन प्रमाणें बाजूस सारून एकट्या लेखावर एका राष्ट्राचें भवितव्य ठरविलें, तर काय अनर्थ होतो, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें दक्षिण आफ्रिकेंतील झिंबाब्वे या देशाचा इतिहास वाचावा. ब्रिटिश अमलांत या देशास दक्षिण ऱ्होडेशिया असें नांव होतें.

झांबेझी आणि लिंपोपो या दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश. इ. स. १८८८ मध्यें याच्या पश्चिम भागांत एन्देबेले लोकांचा राजा लोबेंगुला बुलावायो येथें राज्य करीत होता, आणि पूर्वेकडील शोना लोकांच्या मुलखावरही तो आपली सत्ता सांगे. किंबर्ले येथील हिऱ्यांच्या खाणींत अपार द्रव्य मिळविलेला सेसिल ऱ्होड्स याची दृष्टि या प्रदेशावर गेली. येथें सोनें पुष्कळ आहे, अशी त्या काळीं समजूत होती. ऱ्होड्सनें रड, मॅग्वायर आणि टॉमसन असे आपले तीन प्रतिनिधि पाठविले, आणि ३० ऑक्टोबर १८८८ रोजीं राजानें त्यांच्या कागदावर आपली निशाणी केली.

कागदाचा आशय असा होता: राज्यांतील सर्व धातु व खनिजें काढण्याचा हक्क या मंडळींसच असावा, आणि त्यासाठीं जें जें करणें अवश्य वाटेल तें तें करण्याची त्यांस मोकळीक असावी. मोबदला म्हणून राजास दरमहा १०० पौंड, १,००० बंदुका, १ लक्ष काडतुसें, आणि झांबेझी नदींत एक आगबोट किंवा तिच्या ऐवजीं ५०० पौंड द्यावे.

राजास वाचतां येत नव्हतें. कागदाचा अर्थ त्यास सांगण्याचें काम हेल्म नांवाच्या मिशनरी गृहस्थांनीं केलें. याच हेल्म यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे कीं, खोदकामासाठीं दहापेक्षां अधिक गोरे आणणार नाहीं आणि ते राजाच्या कायद्याप्रमाणें वागतील, असें वचन त्या वेळीं तोंडीं देण्यांत आलें होतें. कागदांत मात्र तें वचन कोठेंच नव्हतें. म्हणजे साक्षी एक सांगत होते आणि लेख दुसरेंच सांगत होता.

फसगत लक्षांत येतांच लोबेंगुलानें आपले दोन मानकरी थेट लंडनला व्हिक्टोरिया राणीकडे पाठविले, आणि पुढें पत्र लिहवून हा करार आपणांस मान्य नाहीं, असें कळविलें. त्याचा उपयोग झाला नाहीं. २९ ऑक्टोबर १८८९ रोजीं ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीस राणीची सनद मिळाली. सनद घेऊन व्यापारास निघालेली कंपनी राज्यकर्ती कशी होते, हें आमच्या वाचकांस पाठ आहे. इ. स. १६०० मध्यें सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी १८७४ मध्यें कायमची बंद झाली, आणि अवघ्या पंधरा वर्षांनीं तिची ही धाकटी बहीण जन्मास आली.

खनिजांच्या कागदावरून जमीन घेण्यास वेळ लागला नाहीं. १८९० मध्यें कंपनीची तुकडी शोना प्रदेशांत शिरली. तींतील प्रत्येक वसाहतवाल्यास ३,००० एकर जमीन देण्याचें वचन होतें. ही जमीन राजानें कोणासही दिलेली नव्हती! १८९३ मध्यें एन्देबेले राज्याशीं युद्ध झालें. मॅक्झिम तोफांपुढें भालाईतांचें कांहींएक चाललें नाहीं. लोबेंगुला राजधानी सोडून उत्तरेकडे गेला आणि परागंदा अवस्थेंतच मरण पावला. १८९६ मध्यें एन्देबेले व शोना दोघेही उठले. तो उठाव मोडण्यांत आला, आणि ज्या स्त्रीच्या अंगीं नेहांडा या पूर्वजदेवतेचा संचार होतो अशी लोकांची श्रद्धा होती, तिला १८९८ मध्यें फांशी देण्यांत आलें.

आतां या कथेचा जो भाग आम्हांस विशेष विचार करण्यासारखा वाटतो, तो सांगतों. ज्या जमिनी अद्याप कोणास दिल्या नव्हत्या, त्यांचा धनी कोण, हा प्रश्न १९१८ मध्यें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढें आला. कंपनी म्हणाली आमच्या, गोरे वसाहतवाले म्हणाले आमच्या, आणि मूळच्या रहिवाशांच्या वतीनेंही वकील उभे राहिले. हें तेंच न्यायासन, कीं ज्याच्यापुढें १९४९ पर्यंत हिंदुस्थानांतील दावे जात आणि मिताक्षरेच्या आधारें एकत्र कुटुंबाच्या वाटण्यांचे निवाडे होत. आमच्या वहिवाटीस तेथें शास्त्राचा आधार दाखवितां येत असे. आफ्रिकेच्या लोकांजवळ लिहिलेलें शास्त्र नव्हतें, केवळ भुक्ति होती. कौन्सिलनें ठरविलें कीं, जमीन कंपनीची नव्हे आणि रहिवाशांचीही नव्हे, ती जिंकलेली असल्यामुळें ब्रिटिश बादशहाची. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट एका निकालानें निकालांत निघाली.

पुढें १९३० मध्यें जमीनवाटपाचा कायदा झाला. त्यानें सुमारें ५० हजार गोऱ्यांसाठीं जवळजवळ ४ कोटि ९० लक्ष एकर, म्हणजे देशाची निम्मी जमीन राखून ठेविली. दहा लक्षांहून अधिक असलेल्या काळ्या लोकांच्या वांट्यास याहून पुष्कळ कमी आणि बहुधा हलकी जमीन आली. १९६५ मध्यें गोऱ्यांच्या सरकारनें परस्पर स्वातंत्र्य पुकारलें, दीर्घ युद्ध झालें, आणि १८ एप्रिल १९८० रोजीं झिंबाब्वे खरोखर स्वतंत्र झाला. परंतु १९७९ च्या लंडनमधील तहांत अशी अट होती कीं, पहिलीं दहा वर्षें जमीन घेणें झाल्यास ती खुषीनें विकणाऱ्याकडूनच विकत घ्यावी. त्यामुळें जुन्या लेखाचें बळ स्वातंत्र्यानंतरही टिकलें.

अखेर २००० सालापासून तो लेखच फाडण्यांत आला. बहुतेक गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी बळानें घेतल्या गेल्या, त्यांवर राबणाऱ्या काळ्या मजुरांचा संसारही उघड्यावर आला, आणि कांहीं चांगल्या जमिनी सत्ताधाऱ्यांच्या आप्तेष्टांस मिळाल्या. शेती बसली. २००८ मध्यें चलनाची किंमत इतकी घसरली कीं, पुढील वर्षीं तें सोडून द्यावें लागलें. तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हजारों लहान शेतकऱ्यांस प्रथमच पुरेशी जमीन मिळाली, आणि तंबाखूचें जें पीक त्या वेळीं बुडालें होतें, तें आतां त्यांच्याच श्रमानें पूर्वीपेक्षां अधिक येऊं लागलें आहे. २०२० मध्यें सरकारनें गोऱ्या शेतकऱ्यांस साडेतीन अब्ज डॉलर भरपाई देण्याचा करारही केला. मात्र जमीन कसणाऱ्या पुष्कळांजवळ अद्याप निर्वेध मालकीचा कागद नाहीं. १८८८ मध्यें लेख होता, पण त्यास भुक्ति आणि साक्षी यांचा आधार नव्हता. आज भुक्ति आणि साक्षी आहेत, आणि लेखाची वाट पाहणें चालू आहे.

ही कथा परक्या देशाची आहे, म्हणून ती वाचून केवळ हळहळूं नये. आपण पिढ्यान्‌पिढ्या लेखणी हातीं धरणारे लोक आहोंत. ज्यास अक्षर येत नाहीं, त्यास कागद वाचून दाखविण्याचें काम आपल्याकडे अनेकदां आलें आहे, आणि तें प्रत्येक वेळीं निर्मळपणें झालें, असें आम्हांस छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं. दुसऱ्याचा आंगठा घेतांना जें तोंडानें सांगितलें, तेंच कागदावर आहे कीं नाहीं, एवढें पाहण्याची संवय घरांतील मुलांस लावावी. हेल्म यांनीं ऐकलेलें एक वचन त्याच दिवशीं कागदावर उतरलें असतें, तर त्या कागदाच्या बळावर एवढा मुलूख घेणें इतकें सोपें झालें नसतें.