मुलांच्या मानेवरील गांठी

मुलाला न्हाऊं घालतांना आईचा हात त्याच्या मानेवरून फिरतो आणि कानाखालीं वाटाण्याएवढी गांठ बोटांस लागते. तिचें काळीज धसकतें. परंतु गांठ म्हणजे रोगच, असें समजण्याचें कारण नाहीं. मान, काख व जांघ या ठिकाणीं रसग्रंथि असतात. शरीरांत शिरूं पाहणारे जंतु तेथें अडविले जातात. मुलांना नवनव्या जंतूंशीं नित्य सामना द्यावा लागतो, म्हणून धडधाकट मुलाच्याहि मानेवर लहान, मऊ, बोटाखालीं सरकणाऱ्या गांठी पुष्कळदां आढळतात.

अनवाणी पायांत काटा मोडला कीं जांघेंत अवधाण येतें, हें आपल्या नांदेड-लातुराकडील प्रत्येक म्हातारीला ठाऊक असतें. तिचाच नियम सर्वत्र लावावा. कानामागील गांठीचें मूळ बहुधा डोक्यांतील उवा व फोडांत, हनुवटीखालील गांठीचें किडलेल्या दाढेंत किंवा सुजलेल्या घशांत सांपडतें. मूळ गेलें, कीं गांठ कांहीं आठवड्यांत ओसरते. ती लाल व गरम होऊन ठणकूं लागली आणि ताप आला, तर आंत पू धरत आहे असें समजून दवाखाना गांठावा.

खरी भीति न दुखणाऱ्या गांठीची. दोन आठवडे लोटले तरी ती कमी होत नाहीं, वाढतच जाते, शेजारच्या गांठी तिला चिकटून माळ होते. मूल वाळतें, सायंकाळीं बारीक ताप येतो. हीच गंडमाळ. सुश्रुतानें ‘अपची’ या नांवानें अशाच गांठींचें वर्णन केलें आहे. विलायतेंत राजाच्या स्पर्शानें ती बरी होते अशी समजूत होती. पुढें कोशकार म्हणून गाजलेल्या सॅम्युएल जॉन्सनला बालपणीं, 1712 सालीं, ॲन राणीकडे नेलें होतें. गुण आला नाहीं. व्रण मात्र जन्मभर राहिले. 1882 सालीं कॉखनें क्षयाचे जंतु दाखविले, आणि गंडमाळ हा बहुधा क्षयच होय हें उलगडलें.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगी गळ्याभोंवतीं रुमाल गुंडाळून येत असे. लग्नाला अडचण येईल म्हणून घरच्यांनीं गांठी लपविल्या, वर बिब्बा घातला. कातडी जळाली व गांठ फुटली. रोग इतरांस लागेल म्हणून मीं तिला निराळें बसविलें. दिवाळीनंतर ती शाळेंत आलीच नाहीं. केवळ मानेच्या गांठींतील क्षय सहसा दुसऱ्यास लागत नाहीं, हें मला फार उशिरां कळलें. उलट मुलाला तो बहुधा घरांतील खोकणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून येतो. म्हणून तपासावयाचें तें सारें घर. कच्च्या दुधांतूनहि क्षयाचे जंतु येऊं शकतात. दूध उकळूनच द्यावें.

नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सुईनें गांठींतील अंश काढून तपासतां येतो. छातीचें क्षकिरण-चित्रहि घेतात. गळपट्टीच्या हाडावरील किंवा दगडासारखी टणक गांठ असेल, तर एक दिवसहि दवडूं नये; तिच्यामागें कर्करोगासारखें कारणहि असूं शकतें. क्षय ठरल्यास मुलाच्या वजनाप्रमाणें औषधें सरकारांतून विनामूल्य मिळतात. तीं सामान्यतः सहा महिने घ्यावयाचीं असतात.

येथेंच पुष्कळ आईबाप चुकतात. दोन महिन्यांत मूल हिंडूं-खेळूं लागतें, म्हणून औषध बंद होतें. किंवा याच्या उलट, औषध चालू असतां गांठ मध्येंच फुगते आणि ‘लागू पडत नाहीं’ म्हणून गोळ्या उकिरड्यावर जातात. जंतु मरत असतांनाहि गांठ कांहीं काळ वाढूं शकते; अशा वेळीं मुलाला डॉक्टरांस दाखवावें, गोळी मात्र चुकवूं नये. उपचार संपल्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी गांठ बोटाला लागत राहिली, तरी रोग उरला असें नव्हे.