वही आणि तराजू : सर छोटूराम यांचें कार्य



शेतकऱ्याची जमीन दुष्काळानें जाते, अशी आपली सामान्य समजूत असते. वास्तविक दुष्काळानें जातें तें पीक. जमीन जाते ती सावकाराच्या वहीनें आणि व्यापाऱ्याच्या तराजूनें. हें ओळखून त्यावर कायद्याचा इलाज करणारे पंजाबचे पुढारी सर छोटूराम यांची माहिती आज सांगावयाची आहे.

त्यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८८१ रोजीं रोहतक जिल्ह्यांतील गढी सांपला या गांवीं एका कर्जबाजारी जाट कुटुंबांत झाला. हा प्रांत तेव्हां पंजाबांत मोडे. आज तो हरियाणांत आहे. मुलाच्या शिक्षणासाठीं कर्ज मागावयास गेलेल्या बापास सावकारानें पंखा ओढावयास लावलें, अशी कथा तिकडे सांगतात. छोटूराम पुढें वकील झाले. १९१६ सालीं त्यांनीं 'जाट गॅझेट' हें पत्र काढलें. असहकारितेच्या प्रश्नावर १९२० त ते काँग्रेसमधून बाहेर पडले. १९२३ सालीं फझ्ल-इ-हुसेन यांच्यासह त्यांनीं युनियनिस्ट पक्ष स्थापिला. हिंदु, मुसलमान व शीख जमीनधारकांचें हित एकच, हा त्या पक्षाचा पाया होता.

आतां वहीचा हिशेब पाहूं. शेंकडा २४ दरानें घेतलेले शंभर रुपये दहा वर्षांत सरळव्याजानें ३४० होतात. चक्रवाढीनें सुमारें ८५९. हीं उदाहरणें मीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाटीवर सोडवून घेतलीं. पाटीवरचा आंकडा पुसतां येतो, वहींतला येत नाहीं. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील रयतेनें सावकारांचे कर्जरोखे जाळले, तें याचमुळें.

पंजाबांत १९३४ च्या ऋणनिवारण कायद्यानें आपल्याकडील जुन्या दामदुपटीचें तत्त्व लागू केलें. शंभरांपोटीं दोनशें फिटले कीं न्यायालयानें अधिक देववूं नये! छोटूराम त्याचे खंदे पुरस्कर्ते होते. १९३७ सालीं ते मंत्री झाले. १९३८ च्या कायद्यानें ८ जून १९०१ पूर्वींच्या गहाणांतील जमिनी मूळ मालकांस परत मिळूं लागल्या. १९३९ च्या कायद्यानें बाजारसमित्या नेमून वजन, मापें व कडती यांवर नियंत्रण आणलें. धान्य पिकविणाऱ्यासही समितींत जागा मिळाली. व्यापाऱ्यांनीं कडाडून विरोध केला, तरी छोटूराम डगमगले नाहींत.

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. 'शेतकरी' कोण, हें पंजाबांतील १९०० च्या जमीन कायद्यानें जातीवरून ठरविलें होतें. त्यामुळें दुसऱ्याच्या शेतांत राबणारा भूमिहीन अस्पृश्य मजूर या व्याख्येबाहेरच राहिला.

९ जानेवारी १९४५ रोजीं छोटूराम निवर्तले. दोनच वर्षांनीं पंजाबची फाळणी झाली आणि त्यांनीं जोडलेले शेतकरी दोन देशांत विभागले गेले. परंतु जो पिकवितो त्याला वही वाचतां यावी व तराजूचा कांटा पाहतां यावा, ही त्यांची मागणी कोणत्याही सीमेनें रद्द होत नाहीं.